डोंग्यात बसेल एवढं पोट

वरठीच्या स्टेशनासमोर शिंगाड्याच्या टोपल्या येऊन बसल्या, की माझा हात आपोआप पोटाकडे जातो. बाकीच्यांचा खिशाकडे जातो. उकडून काळेभोर झालेले शिंगाडे, वर ओलं फडकं, फडक्याखालून निसटणारी वाफ, आणि त्या वाफेत आख्खं तळं: गाळ, शेवाळ, कमळाचे कुजके देठ, बगळ्यांचे ओले पाय. नाकानं एवढं सगळं ओढून घेतो मी. टोपलीवाली बाई म्हणते, "घ्या ना भाऊ, गरम हायेत." मी घेतो, आणि तोंडात टाकायच्या आधी पट्टा कोणत्या भोकावर आहे ते चाचपून पाहतो. तिला वाटतं, हा पाकीट शोधतोय.

यंदाही टोपल्या आल्या. पट्टा यंदाही चाचपला. पण ते पुढे सांगतो, आधी पोटाची ओळख करून देतो. घरातल्या मोठ्या माणसाची आधी करून द्यावी लागते.

माझं पोट म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. मोटरसायकलवर बसलो की ते पेट्रोलच्या टाकीवर असं पसरायचं, की पंपावरचा माणूस पाइप हातात धरून टाकीचं झाकण शोधत राहायचा. रेल्वेचं फाटक पडत होतं तेव्हा एकदा मी घाईनं खालून निघालो. पोट पलीकडे पोचलं, मी अलीकडे राहिलो, आणि मालगाडी जाईपर्यंत आम्हाला एकमेकांची खुशाली कळली नाही. मी एका कारखान्याच्या गेटवर वजनकाट्यावर बसतो. लोखंडानं भरलेले ट्रक येतात, काट्यावर उभे राहतात, मी खिडकीतून आकडा पाहतो आणि पावती फाडतो. एक ड्रायव्हर तर मला सरळ म्हणाला होता, "साहेब, तुमी जरा खिडकीपासून मागं सरकून बसा ना बाप्पा. आकडा जास्त दाखवून राहिला."

हे सगळं खरं आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं त्या मालगाडीच्या गार्डाला विचारावं.

माझं गाव लाखांदूरकडचं. घर ढिवराचं, मासेमाराचं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पोट आलं नव्हतं. आजोबांचा एकुलता एक फोटो आहे, त्यात त्यांचं पोट पुढून दिसतच नाही, ते पाठीला आतून चिकटलेलं आहे. बाबांचं तसंच. पहाटे जाळं, दुपारी शेत, संध्याकाळी पुन्हा जाळं. जे खाल्लं ते दंडात आणि पोटऱ्यांत जाऊन बसायचं, मध्ये थांबायला त्याला सवडच नव्हती. मी खुर्चीवर बसलो आणि आमच्या खानदानातलं पहिलं पोट बाहेर आलं. लाजत आलं, आधी शर्टाच्या एका बटनाशी बोललं, मग सगळ्याच बटनांशी भांडायला लागलं.

आता तळ्याबद्दल. आमच्या तळ्यात बांबू रोवून घराघराचं पाणी वेगळं केलेलं आहे. ज्याचं त्याचं पाणी, त्यात ज्याचे त्याचे शिंगाड्याचे वेल. आमच्याकडे पहिली तोड जरा उशिरा, दिवाळी झाली की होते. त्या दिवशी सगळे डोंगे, आमच्या लाकडी होड्या, एकदम पाण्यात उतरतात आणि पहिली टोपली तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मातामाय देवीपुढे ठेवली जाते. गावाचा एक नियम आहे. पहिल्या तोडीला ज्या घरचा डोंगा, त्याच घरच्या माणसानं बसून, पाण्यात गेला नाही, त्या घराला एक वर्ष माफ. दुसऱ्या वर्षीही नाही गेला तर बांबू उपटायचे आणि ते पाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकायचं. नियम दुष्टपणाचा नाही. न तोडलेला वेल सडतो, आणि सडलेलं पाणी बांबूला विचारून थांबत नाही.

तर बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा बाबांचा उजवा गुडघा गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण वाकायचं नाव घेईना. डोंगा असतो हातभर रुंदीचा. मोहाच्या एका खोडातून कोरलेला. दोन्ही गुडघे मुडपून, टाचांवर बसून, पुढे ओणवं होऊन दोन्ही हातांनी वेल उचलायचा, पानाखालचे शिंगाडे खुडायचे, वेल उलटा ठेवायचा, तळव्यानं पाणी मारून पुढे सरकायचं. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला डोंगा पाण्यावर घेत नाही. ते वर्ष माफीत गेलं. पुढच्या वर्षीचे वेल माय आणि शेजारच्या पाण्याचे झिंगरूकाका यांनी पावसाळ्यात लावून दिले होते, कारण लावायला कोणीही चालतं. बसायला मात्र घरचाच माणूस लागतो. घरचा माणूस म्हणजे मी. एकुलता एक. आणि माझ्यापुढे, सगळ्यांच्या आधी पोचणारं, माझं पोट.

त्या दुसऱ्या वर्षी पोळ्याला घरी गेलो होतो. मायनं केलेल्या करंज्या किती खाल्ल्या ते मी सांगत नाही, कारण माझ्यावर थापा मारल्याचा आरोप होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी टेकत पाळीवर आले. झिंगरूकाका आले. कोणी न बोलावता अर्धं गाव आलं. पाणी तेव्हा मातकट होतं, काठाला बेशरमाची जांभळी फुलं, आणि वेलांची पानं नुकती गोल पसरायला लागलेली. मी लुंगी खोचली आणि लहानपणी बसायचो तसा ऐटीत डोंग्यात बसलो.

बसलो खरा, पण पूर्ण नाही. मांड्या आत गेल्या, आणि पोट दोन्ही काठांवर टेकून थांबलं. पाहुणा उंबऱ्यावर थांबतो ना, चप्पल काढू की नको करत, तसं. मी श्वास सोडून जोर केला. तेव्हा कुठे फटकन आत गेलं आणि असं गच्च बसलं की डोंग्यात भरलेलं पाणी बाहेर यायला जागा राहिली नाही. डोंगा कलला, मी ओरडलो, झिंगरूकाकांनी हात दिला. मी उभा राहिलो. आणि माझ्यासोबत डोंगाही उभा राहिला. कमरेत अडकलेला. दोन्ही टोकं हवेत. तळ्यात गुडघ्याएवढ्या पाण्यात मी उभा आणि माझ्या कमरेभोवती आजोबांच्या काळचा डोंगा.

"सोमा," झिंगरूकाका बाबांना म्हणाले, "पोट्टा डोंग्यात बसला का डोंग्यानं पोट्टा घातला गा?"

पाळीवर जो हशा पिकला त्यानं तळ्यातले पाणकोंबडे उडून पार वैनगंगेपलीकडे गेले, ते त्या वर्षी परत आले नाहीत. चौघांनी डोंगा धरला, चौघांनी मला धरलं, आणि आम्हाला एकमेकांपासून सोडवलं. हसणाऱ्यांत मीही होतो. फक्त बाबा हसत नव्हते. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. ते डोंग्याकडे पाहत होते. काठ चाचपत होते, मध्यावर, जिथे मी अडकलो होतो.

मला वाटलं, लाज वाटली त्यांना माझी.

घरी येताना झिंगरूकाका माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. आवाज एकदम उतरवून म्हणाले, "हसलो म्हनून राग नको मानू. पन तोडीच्या दिवशी तू नाई बसला तं तुह्या बापाचं पानी माह्याकडं येते. मले नाई पाह्यजे ते. बापाले तुह्या मंग पाळीवर येऊन बसाले बी तोंड राह्यनार नाई." ज्याला पाणी मिळणार होतं तोच असं बोलत होता. त्या रात्री मायनं वाढलेला तिसरा भात मी परत केला. घरात असं पहिल्यांदाच झालं होतं. मायनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पोळा ते दिवाळी. खरं तर पोट उतरवायला यापेक्षा वाईट हंगाम देवानं केलेला नाही. गौरी त्यातच, नवरात्र त्यातच, दसरा त्यातच. शेतात धान निसवायला लागतं, बांधाबांधावर नव्या दुधाळ लोंब्यांचा गोड वास भरतो, आणि त्या वासानं पोट भुकेलं होत नाही असा माणूस आमच्या जिल्ह्यात जन्माला यायचा आहे.

वनितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वरठीला येताच जाहीर केलं, "भात बंद."

भंडाऱ्याकडे नवऱ्याला असं म्हणणं म्हणजे घराबाहेर काढायच्या फक्त एक पायरी अलीकडे. मी म्हणालो, "अगं, दुसरं काहीही सांग. म्हण तर नोकरी सोडतो." शेवटी तडजोड झाली. अर्धी वाटी भात, तोही दुपारी. बाकी ज्वारीची भाकर, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, काकडी, आणि पुन्हा काकडी. काकडी खाऊन खाऊन मला रात्री अंगावर हिरवे पट्टे दिसायचे. वनिता माझ्यासमोर भात खायची नाही. मागून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खायची, भांड्याचा आवाज न करता. पण मला वास यायचा. चिन्नोर तांदळाचा वास दाराला विचारून येत नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर प्रेम हे असं चुलीपाशी उभ्यानं जेवत असतं.

आठवडी बाजारात एक रबरी पट्टा मिळाला. विकणाऱ्यानं शपथ घेऊन सांगितलं, हा बांधून नुसतं बसा, चरबी घामाबरोबर वाहून जाते. बांधून काट्यावर बसलो. घाम आला, अंगावर पुरळ आलं, चरबी तिथंच. तिसऱ्या दिवशी ट्रकची पावती फाडताना मला शिंक आली आणि पट्ट्याचं बक्कल सुटलं. समोरच्या ट्रकचा टायर फुटला. ड्रायव्हर म्हणतो टायर जुना होता. मी त्याला तसंच वाटू दिलं.

मग पहाटे पळायला लागलो. आमच्याकडे पोलीस भरतीची पोरं पहाटे भंडाऱ्याच्या रस्त्यानं पळतात. धुकं, त्यात त्यांच्या बुटांचा थप थप आवाज, दूर कारखान्याच्या धुराड्यावरचा लाल दिवा. मी त्यांच्या मागे. पोरं पुढे, मी मागे, हे पाहून एका सायकलवाल्यानं थांबून विचारलं, "काका, काय चोरून पळाले हे?" मी हाशहुश करत हात हलवला. तो भला माणूस खरंच त्यांच्या मागे सायकल घेऊन गेला.

मी तोवर मोबाइलवर पाहून पाहून पोटाचे व्यायाम करत होतो. पाठीवर झोपून उठायचं, पुन्हा झोपायचं. कोपरांवर आडवं राहून शरीर फळीसारखं ताठ धरायचं. माझं फळीचं जमायचं, पण कोपरांवर नाही, पोटावर. चारही हातपाय हवेत आणि मी मधल्या मध्ये डुलतोय, बाळाच्या पाळण्यासारखा. त्या पोरांत एक किडकिडीत, कान मोठे असलेला होता. तो एकदा पाणी पिताना थांबून म्हणाला, "काका, नुसतं पोटाचंच घासून राहिले तुमी. तसं पोट एकटंच नाई जात. चालन्यानं, पळन्यानं, कमी खाल्ल्यानं आख्ख्या आंगाचं जाते. पोटाचा नंबर शेवटी. पोटाचे व्यायाम करा, आतून घट्ट होते, पाठ दुखत नाई. पन आठ दिवसांत काई होनार नाई, धीर धरा."

"पहिलं कुठलं जाईल?" मी विचारलं.

"गालाचं."

तसंच झालं. गाल गेले, मनगटाचं घड्याळ सैल झालं, पायातली चप्पल मोठी झाली. पोट तसंच, घरमालकासारखं. सगळे भाडेकरू निघून गेले, हे ओसरीत बसून. एकदा तर मला त्याची दया आली. एवढी वर्षं मी त्याला काय दिलं? खुर्ची दिली, भात दिला, दुपारची झोप दिली. ते काही शत्रू म्हणून आलेलं नव्हतं. बसून काढलेली वर्षं माणसाच्या अंगावर कुठेतरी जमा व्हायचीच. काहींच्या कपाळावर होतात. माझी पुढे येऊन बसली होती, एवढंच.

गावाला मात्र मी गेलो नाही. मुद्दामच. कारण गावात माय होती, आणि मायच्या हातचा झिंग्यांचा रस्सा होता, आणि त्याच्यासमोर माझी काकडी टिकली नसती. फोन करायचो. माय म्हणायची, "वाळून गेला असशीन रे तू. आवाजच वाळला तुहा." आणि तिच्या आवाजामागे दुपारभर एक आवाज यायचा. ठक. ठक ठक. ठक.

"काय चाललंय गं माय तिकडं?"

"बुढा. बसला हाये आंगनात, काईतरी तासून राहिला. गुडघा दुखते, झोप लागत नाई, मंग करतो काई बाई."

मी सोडून दिलं. माझं लक्ष पट्ट्याच्या भोकात. दसऱ्याच्या सुमारास पोट पहिल्यांदा हललं. सकाळी उठलो आणि उभ्यानं, मान खाली घालून, मला माझ्या पायांची बोटं दिसली. दोन्ही पायांची. मी वनिताला हाक मारली. तिला वाटलं साप निघाला. ती काठी घेऊन आली, आणि तिनं पाहिलं तर नवरा स्वतःच्या अंगठ्यांना नमस्कार करत होता.

दिवाळी झाली. पहिल्या तोडीच्या आदल्या दिवशी मी आणि वनिता लाखांदूरच्या एसटीत बसलो. खिडकीतून दोन्ही बाजूंना कापलेलं धान, कडपांच्या ओळी, खळ्यांवर पाखरांची धाड. पोट सपाट झालं होतं असं मी सांगेन, आणि वनिता समोर नसेल तर तुम्ही विश्वासही ठेवाल. खरी गोष्ट अशी की ते होतं, पण मवाळ झालं होतं. सांगितलेलं ऐकत होतं. आत घे म्हटलं की आत जात होतं. मला एवढंच पाहिजे होतं.

घरी पोचलो तर अंगणभर मोहाच्या ढलप्या. त्यांचा तो कडवट लाकडी वास. मध्ये डोंगा पालथा घातलेला, त्याला नवं तेल पाजलेलं. बाबा खाटेवर. मला पाहून मायनं तोंडावर पदर घेतला, "वाळला वो माय माहा पोट्टा!" आणि बाबांचा चेहरा पडला. सकाळपासून रांधून ठेवावं आणि पाहुण्यानं दारातच सांगावं की जेवून आलो, तसा पडला.

"काहून गा?" ते म्हणाले. "पोट कुठं गेलं तुह्यं?"

"उतरवलं, बाबा. डोंग्यात बसायचं ना उद्या."

बाबांनी खाटेशेजारी बसलेल्या झिंगरूकाकांना काठीनं खूण केली. झिंगरूकाकांनी डोंगा सुलटा केला. मी पाहतच राहिलो. मध्यावर, जिथे मी अडकलो होतो, तिथे आतून दोन्ही काठ तासून तासून डोंगा रुंद केलेला होता. गोल, गुळगुळीत. वाकसानं तासल्याच्या बारीक बारीक खुणा, माशाच्या खवल्यांसारख्या ओळीत. माझं पोट इकडे उतरत होतं, तेव्हा तिकडे डोंग्याला पोट येत होतं. आणि आम्ही दोघांनी एकमेकांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरात बाप-लेक फोनवर फक्त पावसाबद्दल बोलतात.

"म्या तुह्या बापाले मना केलं होतं," झिंगरूकाका म्हणाले. "म्हटलं, सोमा, काठ पातळ झाला तं तडकन. त्यापरीस पोट्ट्याले सांग ना, पोट कमी कर म्हना. तं आयकते का बुढा!"

"कायले सांगू?" बाबा एकदम म्हणाले. खाली पाहत, ढलप्या काठीनं गोळा करत. "माह्या बापाले पोट नोतं. त्याच्या बापाले नोतं. मले नाई. एवढ्या पिढ्यांत एका पोट्ट्याले पोट आलं आमच्या घरी. ते कायले कमी करायले लावू मी? म्हनून डोंगाच मोठा केला."

मी वाकून त्यांच्याबरोबर ढलप्या गोळा करायला लागलो. वनिता आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज येत राहिला, चूल पेटलेली असूनही. मला वाटलं होतं बाबांना माझी लाज वाटली. तळ्यापाशी ते डोंग्याचा काठ चाचपत होते तेव्हा, आता कळलं, ते माझं माप घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर पातळ धुकं, पाणी निवळ, वेलांची पानं वरून हिरवी आणि उलटली की तांबूस. पाळीवर मातामायपुढे कुंकू, नारळ. एकेक डोंगा पाण्यात सरकला. मीही बसलो. आणि आता वेगळंच संकट. एवढ्या मोठ्या जागेत मी खुळखुळ्यातल्या खड्यासारखा झालो. काठ हलके झालेले, मध्ये पोकळी, डोंगा या अंगावर कलतो, त्या अंगावर कलतो. जिथे पोट बसायचं होतं तिथे कोणीच नाही.

"पुढं वजन पाह्यजे," झिंगरूकाका ओरडले. "एखादा गोटा टाका रे त्यात!"

बाबा काठाशी बसले होते. त्यांनी काठी खाली ठेवली. डोक्याचा दुपट्टा सोडला, कमरेला बांधला.

"गोटा कायले?" ते म्हणाले. "मी हाये ना."

पाळीवर कोणी हसलं नाही. मी डोंग्यातून उतरून वर आलो, बाबांना उचललं आणि डोंग्यात माझ्यापुढे ठेवलं. आणि त्या रुंद केलेल्या पोकळीत त्यांचा तो न वाकणारा पाय, सरळ, अगदी सरळ, आरामात मावला. टाचांवर बसायची गरजच उरली नाही. माझ्यासाठी कोरलेल्या जागेत ते पाय पसरून बसले, राजासारखे. डोंगा पाण्यात बोटभर खाली गेला आणि स्थिर झाला.

त्यांनी पहिला वेल उचलला तेव्हाचा आवाज मला अजून येतो. पाणी ओघळल्याचा, देठ तुटल्याचा. दोन वर्षं पाण्याला न लागलेले हात, पण बोटं काट्यांच्या मधून अशी फिरली जणू काल संध्याकाळीच थांबली होती. एक शिंगाडा त्यांनी दातानं सोलला आणि मागे न पाहता खांद्यावरून माझ्या हातात दिला. पांढरा, दुधाळ, गार. पाण्याची चव गोड लागते ती फक्त तिथेच. मी तळव्यानं पाणी मारत होतो, ते खुडत होते. बांबूंच्या आत आमचं पाणी होतं, आणि ते आमचंच राहिलं.

त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दरवर्षी हेच. उन्हाळ्यातल्या लग्नांच्या पंगतींत पोट पुन्हा पुढे येतं, मी त्याला येऊ देतो, आणि पोळा झाला की वरठीच्या रस्त्यावर भरतीच्या पोरांमागे लागतो. पोरं बदलत जातात. काही साहेब झाली, काही अजून पळतात. त्या मोठ्या कानांच्या पोराच्या जागी आता दुसरंच कोणी असतं, पण सल्ला तोच मिळतो. दिवाळीच्या आधी बाबांचा फोन येतो. फोनवर फक्त पाऊस असलेल्या आमच्या घरात आता एक वाक्य वाढलंय: "पोट कुठवर आलं?" लोकांना वाटतं बुढ्याला मुलाच्या तब्येतीची काळजी. छे! त्याला डोंग्यातल्या स्वतःच्या जागेची काळजी.

गेल्या वर्षी मी पळालो नाही. कारखान्यात काम जास्त होतं, पाऊस लांबला, शिवाय माणूस आळशी होतोच. पोट तसंच घेऊन गावी गेलो. रस्ताभर वाटत होतं, यंदा बाबांना जागा पुरणार नाही. डोंग्यात बसलो, त्यांना पुढे घेतलं. आणि त्यांच्या पाठीच्या आणि माझ्या पोटाच्या मध्ये आख्खी टोपली मावली.

डोंगा तोच. पोट वाढलेलं. मग जागा आली कुठून? मी वजनकाट्यावर बसणारा माणूस, आकडे जुळत नसले की मला चैन पडत नाही. वेल उचलायला ते पुढे वाकले तेव्हा सदऱ्यातून त्यांच्या पाठीचा एक एक मणका दिसला. तेव्हा जुळलं.

यंदा पोळ्याला गेलो तर बाबा म्हणाले, पाळीवरून खाली आता काठीनं उतरवत नाही. वरूनच उचलून न्यावं लागेल, उतारावरून, निसरड्यातून. "उचलून पाह्य बरं," ते म्हणाले. अंगणातच पाहिलं. दोन्ही हातांवर घेतलं. भरल्या ट्रकांचे आकडे रोज वाचणारा मी, मला हातांवर काही आलंय असंच वाटेना. छातीशी धरायला गेलो, तर मध्ये पोट. ते काही बाबांना जवळ येऊ देईना. मी जवळ ओढतोय, पोट बाहेर ढकलतंय.

"लेका," बाबा माझ्या हातांवरून म्हणाले, "घसरून राहिलो मी तुह्या पोटावरून. पाळीवर असं केलं तं दोघंबी सरळ मातामायच्या पायाशी."

माय हसली, वनिता हसली, मीही हसलो. त्यांना खाटेवर ठेवलं आणि वरठीला परतल्यावर दुसऱ्याच पहाटे रस्त्यावर गेलो.

वनिता परवा विचारत होती, "आता कायले एवढं पळता? डोंग्यात तं दोघं आरामात मावता तुमी." मी सांगितलं, डॉक्टरनं सांगितलंय. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला माझ्या सगळ्या थापा पाठ आहेत, ही नवीन होती. मग तिनं ताटातला अर्धा भात काढून घेतला.

आज स्टेशनासमोर उभा राहून गरम शिंगाडा सोलत होतो. दातानं, बाबांसारखाच. खिशात फोन वाजला.

"पाऊस गेला का गा तिकडचा?"

"गेला, बाबा. उघडलं."

"पोट?"

"उतरलं."

"किती उतरलं?"

मी पट्ट्यावर हात ठेवला. आकडा सांगता आला असता, वाढवूनही सांगता आला असता.

"तुमच्यापुरतं," मी म्हणालो.

पलीकडे खाट करकरली. मग ते म्हणाले, "मंग ये."